नाशिकच्या स्पेलिंगमधला एच कुठे गेला?

क्लासवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं असं, की गणितातली तिरकी (इटॅलिक) अक्षरं ही नुसती छपाईची हौस आहे. फुकटच्या वेबसाइटवर ती बनवा, कॉपी-पेस्ट करा. फॉन्टची कटकट नाही, कुठेही चालतात, मराठीतसुद्धा. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासेसचे पेपर टाइप करण्यात माझी १५ वर्षं गेलीत, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ती 'हौस'. भौतिकशास्त्राच्या पेपरात तिरका जी म्हणजे गुरुत्वत्वरण, सरळ जी म्हणजे ग्रॅम. तिरका एम वस्तुमान, सरळ एम मीटर. एकाच गणितात चारही येतात आणि पोराला ओळखायला मदत होते ती या तिरकेपणाची. राशी तिरकी, एकक सरळ, हे आयएसओ ८०००० या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. साइन, लॉग ही फलनांची नावं सरळच. लाटेक या गणित छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये साइनच्या आधीचा बॅकस्लॅश विसरलात तर ते निमूटपणे एस गुणिले आय गुणिले एन छापतं. आता कलनातल्या डीएक्समधला डी सरळ की तिरका, यावर मात्र मानक एक सांगतं आणि कित्येक पुस्तकं दुसरंच छापतात. त्या भांडणात मी पडत नाही.

'फॉन्टची कटकट नाही' हे वरवर खरं वाटतं. पण त्या वेबसाइटवर मिळतं ते तिरकं केलेलं ए-बी-सी नसतंच. ती निराळीच अक्षरं आहेत. तिरकं आणि सरळ यांचा गणितात अर्थ बदलतो म्हणून २००१ साली युनिकोडच्या (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) ३.१ आवृत्तीत त्यांना स्वतंत्र क्रमांक दिले. बॅनर सजवायला नव्हे. शिवाय मोबाइलमधल्या कुठल्या तरी फॉन्टात ती असावीच लागतात, नाहीतर नुसते चौकोन.

त्यातही एचची गंमत ऐका. तिरका एच हा भौतिकशास्त्रातल्या प्लँकच्या स्थिरांकाचं चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये आधीपासूनच होता. तेच अक्षर दोनदा कशाला, म्हणून नव्या रांगेत जी आणि आय यांच्या मधलं घर रिकामं सोडलं. घाईत बनवलेली वेबसाइट एपासून नुसती मोजत जाते आणि एचला त्या रिकाम्या घरात नेऊन बसवते. मागच्या वर्षी एका क्लासचा पेपर आला, वर इंग्रजीत तिरकं नाशिक. एस आणि आयच्या मध्ये छानसा चौकोन! खाली मॅथ्समध्येही तेच. सर म्हणाले, "तुमचा प्रिंटर बिघडलाय."

'कुठेही चालतात' म्हणे. अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर अशा मजकुरात एकेका अक्षराला 'मॅथमॅटिकल इटॅलिक स्मॉल' असं नाव पुकारत बसतो, नाहीतर सरळ गाळून टाकतो. काही सर्च इंजिनं ही अक्षरं साधी करून वाचतात, पण अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या प्रोग्रामला तिरक्या नावाचा विद्यार्थी यादीत सापडणार नाही. आणि पालकांना एसएमएस पाठवणाऱ्यांनी खिसा सांभाळावा. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. असं एक जरी अक्षर घुसलं, तर मर्यादा ७० वर येते आणि ते अक्षर एकटं दोन जागा खातं.

राहिलं मराठी. त्या संचात रोमन आहे, ग्रीक आहे, आकडे आहेत, देवनागरी नाही. वेबसाइटवर 'क्ष' टाका, 'क्ष'च परत येतो.

त्या सरांचा पेपर मी शेवटी असा दुरुस्त केला: नाशिक आणि मॅथ्स साध्या अक्षरांत पुन्हा टाइप केले, सिलेक्ट करून कंट्रोल-आय दाबलं. आतली सूत्रं इक्वेशन एडिटरमध्ये घातली. प्रिंटर तोच होता.