रोज सव्वाशे किलोमीटर असतील तर जास्त चाललेली डिझेल घ्या, कमी चाललेली नको

सातारा-शिरवळ अप-डाऊन करणारी आमच्या कंपनीत बरीच मंडळी आहेत, आणि शिफ्टचं टायमिंग कुणाचं कुणाशी जुळत नसल्यामुळे आता जो तो स्वतःची गाडी बघतोय, बजेट साडेतीन ते साडेपाच लाख, म्हणजे जुनीच. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, गाडी चाललीय किती? पन्नास हजार म्हणलं की डोळे चमकतात आणि दीड लाख म्हणलं की फोन ठेवून देतात. मला हे अजिबात पटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय, मोठी पोस्ट आहे, गाडी घ्यायची असेल तर पूर्ण वाचा.

आधी हिशोब, कारण डिझेल घ्यायचीच का हा प्रश्न बरोबर आहे. येऊन-जाऊन सव्वाशेच्या आत-बाहेर, म्हणजे महिन्याला तीन हजार किलोमीटर धरा. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ धरलं, पेट्रोल गाडी हायवेला १६ देते आणि त्याच साईजची डिझेल २१ देते असं धरलं, तर पेट्रोलचं बिल महिन्याला साडेएकोणीस हजारांच्या पुढे जातं आणि डिझेलचं तेरा हजार. महिन्याला साडेसहा हजारांचा फरक, वर्षाला ऐंशी हजारांच्या जवळपास. डिझेलचं सर्व्हिसिंग महाग पडतं हे मान्य, त्यातले पंधरा-वीस हजार वजा करा, तरी पैसे उरतातच. २०१२ला पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता तेव्हा रोज दहा किलोमीटर जाणारा पण डिझेल घ्यायचा, ऑक्टोबर २०१४ला डिझेलचे भाव सरकारने मोकळे केले आणि ते दिवस गेले. आता महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या आत ज्यांचं रनिंग आहे त्यांनी डिझेलच्या नादाला लागूच नये, पेट्रोल घ्या आणि निवांत राहा.

सीएनजीचं पण बोलतो, नाहीतर कमेंटमध्ये तेच येणार. सीएनजीचं बिल डिझेलपेक्षाही थोडं कमीच येतं, हे खरं आहे. पण पंपावरची लाईन, डिकीत टाकी, आणि संध्याकाळी चार माणसं भरून खंबाटकी चढताना गाडीचा जीव जातो. (पुण्याकडे जाताना बोगदा आहे, साताऱ्याकडे येताना जुन्या रस्त्याने घाट चढावाच लागतो.) एकटा-दुकटा जाणार असेल आणि पंप वाटेत असेल तर सीएनजी जरूर बघा, मी कुणाला अडवणार नाही. चौघं जाणार असतील तर डिझेलच.

आता मुद्द्यावर येतो. आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी आणि मीटरवर पन्नास हजार, याचा अर्थ दोनच असू शकतात. एकतर मीटर मागे घेतलंय, जे आजकाल लॅपटॉप लावून अर्ध्या तासात होतं, किंवा गाडी खरंच तेवढीच चाललीय, म्हणजे वर्षाला सहा हजार, म्हणजे घर ते ऑफिस, ऑफिस ते भाजी मंडई, क्लचवर पाय ठेवून सिग्नलला उभी. आणि डिझेल इंजिनाला दुसरा प्रकार पहिल्याइतकाच वाईट. इंजिन पूर्ण गरम व्हायच्या आत बंद होतं, ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी धरते, टर्बोच्या व्हेन (आतली पाती) जाम होतात, क्लच घासून जातो, आणि किलोमीटर झाले नाहीत म्हणून मालक ऑइल दोन-दोन वर्षं बदलत नाही. बीएस-६ गाडी (एप्रिल २०२०पासूनचा प्रदूषणाचा नियम) असेल तर त्यात डीपीएफची, म्हणजे धुराच्या फिल्टरची भर. एक्झॉस्टमधली काजळी त्या फिल्टरमध्ये साठते आणि मग इंजिन जादा डिझेल मारून ती जाळतं, त्याला साधारण सहाशे डिग्री तापमान लागतं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळावी लागते. वाघोली किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ते मिळतच नाही, जळणं अर्धवट राहतं आणि ते जादा डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून बीएस-६ डिझेल बघताना डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल कमी आहे का एवढंच बघू नका, मॅक्सच्या वर तर नाही ना तेही बघा. वर असेल तर ऑइलमध्ये डिझेल मिसळलंय.

उलट जी गाडी वर्षाला वीस हजार हायवेला पळाली, पाचव्या गियरला दोन हजार आरपीएमवर, तिचं इंजिन दीड लाखाला आत्ता कुठे मोकळं झालेलं असतं. गाडीची तब्येत किलोमीटरवर नाही, ते किलोमीटर कुठे आणि कसे झाले त्यावर ठरते.

मावसभावासाठी कराडला दोन डिझायर बघितल्या, दोन्ही २०१६च्या डिझेल. एक एमएच १२, मीटर बावन्न हजार, पॉलिश मारून चकाचक, सीट कव्हर नवे. दुसरी एमएच ५० पासिंग, एक लाख अडुसष्ट हजार, बोनेटवर खड्यांचे टिपके, मालक औषध कंपनीच्या कामाने कोल्हापूर-सोलापूर फिरणारा. पहिली गाडी आम्ही पोचलो तेव्हा चालू करून गरम करून ठेवलेली, बोनेटवर हात ठेवला की कळतं. डिझेलचं सगळं खरं-खोटं थंड इंजिनावर कळतं, त्यामुळे आम्ही तिथं काहीच बोललो नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला न सांगता परत गेलो, बरोबर आमचा मिस्त्री. त्याने आधी चावी अर्धी फिरवून ग्लो प्लगची (थंड इंजिन आतून तापवतो तो) लाईट जाऊ दिली, मग स्टार्टर मारला. तीन-चार सेकंद नुसतं फिरलं, मग उठलं आणि मागून निळसर-पांढरा धूर, तो थांबेना. मग त्याने ऑइलचं झाकण उघडलं आणि उलटं करून तिथंच तोंडावर ठेवलं. झाकण थडथड नाचायला लागलं आणि बाजूला पडलं. "पिस्टन रिंगा गेल्यात, कॉम्प्रेशन खाली उतरतंय," एवढंच बोलला. बावन्न हजारात रिंगा जात नाहीत, म्हणजे मीटर काय सांगतंय ते सोडून द्या. एक लाख अडुसष्टवाली अर्ध्या फेऱ्यात चालू झाली, दोन मिनिटं टकटक केली आणि गरम झाल्यावर शांत, झाकण जागेवर. मालकाकडे दर दहा हजाराला वर्कशॉपचं बिल, फाईल लावलेली, टर्बोचा होज आणि क्लच बदलल्याची बिलंपण त्यातच. तीच घेतली. ही झाकणाची टेस्ट फुकट आहे, तुम्ही स्वतः करू शकता, थोडी वाफ येणं चालतं, झाकण उडालं तर नमस्कार करून निघायचं.

कुठलं इंजिन? माझी आवड स्पष्ट आहे. फियाटचं १.३ मल्टीजेट, १२४८ सीसी, जे मारुतीने डीडीआयएस म्हणून स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, ब्रेझामध्ये आणि टाटाने क्वाड्राजेट म्हणून व्हिस्टा-मांझा-झेस्टमध्ये बसवलं. गावोगावचा मिस्त्री ते डोळे झाकून खोलतो, पार्ट सातारा-कराडला त्याच दिवशी मिळतो. दोन हजार आरपीएमच्या खाली जोर नाही, त्यामुळे घाटात गियर वेळेवर खाली घ्यायची सवय लागते. टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची भानगड नाही, पण ऑइल कमी ठेवलं किंवा जुनंच चालवलं तर चेन सैल पडते, गाडी चालू होताना खळखळ आवाज आला तर सोडा. मारुतीने एप्रिल २०२०पासून, बीएस-६ आलं तेव्हा, डिझेल बंदच केलं, म्हणजे सगळ्यात शेवटची गाडी पण २०२०च्या सुरुवातीची. २०१९ला सियाझ आणि एर्टिगात सुझुकीचं स्वतःचं १.५ डिझेल आलेलं, चालवायला फार छान, पण जेमतेम वर्षभरच विकलं गेलं आणि आपल्या भागात त्याला हात लावलेला मिस्त्री शोधावा लागतो.

दुसरी आवड टोयोटा इटिओसचं १.४ डी-४डी. डॅशबोर्ड साधा, मीटर मध्यभागी, बघून कुणी प्रेमात पडणार नाही, पण इंजिन आणि सस्पेन्शन दणकट. फक्त इटिओस टॅक्सीत भरपूर चालल्यात आणि पिवळ्या पाटीची पांढरी करून विकायला येतात, म्हणून आरसीवर आधीचा प्रकार बघा आणि स्पीड गव्हर्नर (टॅक्सीचा वेग अडवणारं यंत्र) काढल्याच्या वायरी-खुणा शोधा. होंडा अमेझ डिझेल ॲव्हरेजला एक नंबर, आवाज मात्र केबिनभर. ह्युंदाईचं १.४ आणि १.६ सीआरडीआय ताकदीला मस्त, खंबाटकी कळत नाही, इंजेक्टरचं काम निघालं तर खिसा जड पाहिजे. फोर्डचं १.५ टीडीसीआय मला चालवायला सगळ्यात जास्त आवडतं, १०० पीएस, कंपनीने सप्टेंबर २०२१ला इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं तरी सर्व्हिस आणि पार्ट मिळतात, पण रोजच्या कामाच्या गाडीला मी ती रिस्क घेणार नाही. फोर्ड, फोक्सवॅगन, स्कोडा, डस्टर यांना टायमिंग बेल्ट आहे, बदलल्याचं बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बदला, मालक तोंडाने काहीही सांगो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सगळं हेड जातं.

आपल्या भागात अजून एक भीती आहे, पुराची. ऑगस्ट २०१९ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ला परत सांगली-कोल्हापूर आणि तिकडे चिपळूण-महाड, किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण बघितलंय. त्या धुवून-पुसून कुठेही विकायला येऊ शकतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, खालच्या टोकाला मातकट रेष असेल तर समजा. सीटखालची पट्टी, स्टेपनीचा खड्डा, तिथं गाळ आणि गंज बघा, काच बंद करून एसी लावा आणि वास घ्या. इंजिन चालेल, पण वायरिंग दोन-तीन पावसाळ्यात रडवतं.

दिल्लीची स्वस्त गाडी हा पण एक मोह आहे. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेलवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) २०१५ला बंदी घातली, २०१८ला सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात. लाखभर स्वस्त दिसते, मग इथला टॅक्स भरा, नवीन नंबर घ्या, आरटीओच्या चकरा मारा, आणि गाडी चाललेली दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये. आपलंच पासिंग बघा, त्यातही एमएच ११, ५०, ०९, १० असेल तर मालकाच्या घरी जाऊन दोन शब्द बोलता येतात, अर्धी माहिती तिथंच मिळते.

चालवून बघताना चौथ्या गियरला चाळीसच्या स्पीडला एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, आरपीएम चढला आणि गाडी तिथंच तर क्लच गेला. टर्बोची शिट्टी बारीक असते, सायरनसारखा आवाज आला तर टर्बोचं काम आहे. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल, बावन्न हजारवाल्या गाडीला टायरचा दुसरा-तिसरा सेट दिसला तर मालकाला विचारा. आणि पाचशे-हजार द्या पण स्कॅनर लावून घ्या, काही गाड्यांत मीटर मागे घेतलं तरी दुसऱ्या मॉड्युलमध्ये खरे किलोमीटर राहतात.

कागदाचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन एजंटवर सोडू नका, आरसी नावावर होईपर्यंत मागे लागा. ई-चलान थकीत आहे का ते ऑनलाईन दिसतं. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा. इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत नावावर करायला टाका, आणि नो क्लेम बोनस आधीच्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही. आरसी पंधरा वर्षांची, २०१६ची गाडी २०३१पर्यंत, मग परत फिटनेस. आणेवाडीला रोज दोनदा टोल लागतो, ऑगस्ट २०२५ला तीन हजारांत सुरू झालेला २०० फेऱ्यांचा फास्टॅग पास तुमच्याच गाडीच्या नंबरवर काढावा लागतो, जुन्या मालकाचा फास्टॅग आधी बंद करायला लावा.

बजेट पाच लाख असेल तर गाडी साडेचारचीच बघा. उरलेले पन्नास हजार पहिल्या महिन्यातच लागतात, ऑइल, चारही फिल्टर, कुलंट, ब्रेक ऑइल, सस्पेन्शनचे बुश-लिंक, बॅटरी, कदाचित दोन टायर. आणि महिन्याला तीन हजार किलोमीटर म्हणजे दहा हजाराचं सर्व्हिसिंग साडेतीन महिन्यात येतं, वर्षातून एकदा नाही. लोक इथंच गाडी मारतात. डिझेल फिल्टर दर वेळी बघायला सांगा, पाणी काढून टाकायला सांगा, आणि पंप शक्यतो एकच खात्रीचा धरा.

सातारा, वाई, कराड बाजूला कुणी बघत असेल तर मॉडेल, साल, किलोमीटर आणि मालक कितवा ते कमेंटमध्ये टाका, मला जे माहितीय ते सांगतो. गाडीचा नंबर मात्र उघड टाकू नका, तो मेसेजमध्ये पाठवा.