घोडे पोचवायला आलेला बेन जॉन्सन

बेन जॉन्सन म्हटलं की आपल्याकडे आठवतो तो १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये उत्तेजक घेऊन सुवर्णपदक घालवलेला कॅनडाचा धावपटू. हा तो नाही. हा अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा, सिनेमातला नट. दिग्दर्शक जॉन फोर्डच्या वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयच्या सिनेमांत, स्टार जॉन वेनच्या शेजारी घोड्यावर दिसणारा, आपण ज्याचं नाव वाचायची तसदी घेत नाही असा.

याच्याबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तो काय, स्वतःचीच भूमिका करायचा." त्याला खतपाणी त्यानेच घातलं. 'माझ्यापेक्षा चांगले नट गावभर आहेत, पण बेन जॉन्सन मात्र माझ्याइतका कुणाला जमणार नाही' अशा अर्थाचं तो गमतीने सांगायचा आणि लोकांनी ते शब्दशः घेतलं. मला हे अजिबात मान्य नाही.

जन्म १९१८, ओक्लाहोमातल्या ओसेज कौंटीतलं फोरेकर. दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीने २०२३ च्या सिनेमात ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांच्या तेलापायी झालेल्या खुनांची गोष्ट सांगितली, तोच हा मुलूख आणि जवळपास तोच काळ. वडील चॅपमन-बार्नार्ड रँचवर (गुरांच्या मोठ्या कुरणावर) मुकादम होते, शिवाय रोडिओतले, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांतले, नावाजलेले फासटाके. मुलगाही तिथेच राबायला लागला. १९४० च्या सुमारास निर्माता हॉवर्ड ह्यूजने 'द आउटलॉ' या सिनेमासाठी तिथून घोडे विकत घेतले आणि ते पोचवायला हा पोरगा निघाला. रँचवर दिवसाला एक डॉलर मिळायचा, हॉलिवूडमधला पहिला चेक तीनशेचा. त्यानंतर काठीने हाकललं असतं तरी मी ओक्लाहोमाला परत गेलो नसतो, असं तो म्हणायचा.

पुढची सात-आठ वर्षं घोडे सांभाळणं, स्टंट करणं, हिरोचा डुप्लिकेट म्हणून दौडणं. लग्नही त्याच गोतावळ्यात झालं. सासरे फॅट जोन्स म्हणजे स्टुडिओंना घोडे पुरवणारं बडं प्रस्थ.

फोर्डच्या 'फोर्ट अपाचे'च्या शूटिंगला एका गाडीचे घोडे उधळले, गाडीत तीन माणसं. जॉन्सन तेव्हा घोड्यावरच होता. टाच मारली, गाठलं, थांबवलं. फोर्ड म्हणाला, याचं बक्षीस मिळेल तुला. याला वाटलं, अजून एखादा स्टंट देईल. हातात आला तो सात वर्षांचा करार. किस्सा त्याच्याच तोंडचा आहे: पाचव्या ओळीत आठवड्याला पाच हजार डॉलर हा आकडा दिसला, पुढचं वाचलंच नाही, सही करून टाकली.

आता 'शी वोअर अ यलो रिबन' (१९४९) बघा. जॉन्सनचा सार्जंट टायरी अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात होता आणि आता उत्तरेच्या निळ्या गणवेशात चाकरी करतोय. वेनचा कॅप्टन त्याचं मत विचारतो. तो आधी सगळं निरीक्षण सांगून मोकळा होतो आणि मग म्हणतो, हे काही आपल्या खात्यातलं नाही, साहेब. हरलेल्या बाजूच्या माणसाची सगळी अदब आणि सगळा तिरकसपणा त्या एका पालुपदात आहे. आणि घोड्यावर? पाठलाग होताना तो दरी ओलांडतो तेव्हा खोगिरावरची मांड जराही हलत नाही, लगाम सैल, खांदे सैल, घाई सगळी घोड्याला. 'ती काय नुसती घोडेस्वारी' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: नर्तकीच्या पदन्यासाला आपण अभिनय म्हणतो ना? मग माणूस घोड्यावर कसा बसतो यातून तो कोण आहे हे कळत असेल, तर त्याला काय म्हणायचं?

फोर्ड नटांना जाहीर घालूनपाडून बोलण्यासाठी कुप्रसिद्ध. भलेभले मान खाली घालून ऐकायचे, वेनसुद्धा. 'रिओ ग्रांदे'च्या (१९५०) वेळी जेवणाच्या टेबलावर जॉन्सन शेजाऱ्याशी हळूच काहीतरी बोलला, की आज गोळ्या खूप झाडल्या पण घोड्यावरून पडलं फारसं कुणी नाही. फोर्डच्या कानावर गेलं. तो सगळ्यांसमोर खेकसला. जॉन्सन उठला, जाता जाता त्याच्यापाशी थांबला आणि तुझ्या सिनेमाचं काय करायचं ते कर, हे साध्या शब्दांत सांगून बाहेर पडला. चित्रीकरण पुरं केलं. पण फोर्डने त्यानंतर त्याला घेतलं ते थेट 'शायन ऑटम'मध्ये, १९६४ साली. (मूळ अमेरिकन लोकांना इतकी वर्षं पडद्यावर माश्यांसारखं मारल्याची थोडी भरपाई करायचा फोर्डचा तो उशिराचा प्रयत्न. या सिनेमांवर प्रेम करताना ही टोचणी राहतेच, आणि राहायलाच हवी.)

मला वाटतं, ज्याच्या हातात दुसरी कला आहे तोच असा उठून जाऊ शकतो. १९५३ मध्ये तर तो सिनेमा सोडून वर्षभर रोडिओत उतरला. प्रकार टीम रोपिंग: सुटलेल्या गोऱ्ह्याच्या मागे दोन स्वार, एकाने शिंगांत फास टाकायचा, दुसऱ्याने मागच्या पायांत. विश्वविजेता ठरला. घरी आला तेव्हा खिशात तीन डॉलरही नव्हते, होती फक्त मोडकळीला आलेली गाडी आणि संतापलेली बायको. हेही त्याचंच कथन. परत स्टुडिओत.

आता 'स्वतःचीच भूमिका' या मुद्द्याकडे. 'शेन'मधला (१९५३) ख्रिस हा बारमध्ये सोडा मागणाऱ्या शेनच्या शर्टावर व्हिस्की ओतणारा गुंड आहे. नंतर मार खातो, आणि शेवटाकडे त्याच शेनकडे येऊन सावध करतो की तुमच्या माणसाविरुद्ध डाव रचलाय. हा बदल का झाला हे पटकथा फारसं सांगत नाही. तो जॉन्सनच्या चेहऱ्यावर वाचावा लागतो, आणि वाचता येतो. 'द वाइल्ड बंच'मधला (१९६९) टेक्टर गॉर्च तर निव्वळ रानटी, मठ्ठ, वेश्येशी पैशांवरून घासाघीस करणारा. यातला बेन जॉन्सन नेमका कोणता?

आणि मग 'द लास्ट पिक्चर शो', १९७१. त्याने आधी नाही म्हटलं. संवाद फार आणि शिव्या त्याहून फार. दिग्दर्शक पीटर बोगदानोविचने शेवटी फोर्डलाच फोन करायला लावला. फोर्डने टोमणा मारला, जन्मभर वेनचा जोडीदार म्हणूनच राहायचंय का? मग हा तयार झाला, न पटणारे शब्द बदलायच्या अटीवर.

त्याची भूमिका सॅम द लायन. टेक्सासच्या एका मरगळलेल्या गावात पूल हॉल, हॉटेल आणि थिएटर चालवणारा म्हातारा. पडद्यावर जेमतेम दहा मिनिटं. मुकाट सहन करणाऱ्या बिलीची पोरांनी क्रूर थट्टा केल्यावर सॅम त्यांना झापतो, तो प्रसंग बघा. आवाज चढत नाही. असला हलकटपणा आयुष्यभर बघितला, आता कंटाळा आलाय, एवढंच. माझ्या तिन्ही ठिकाणी पाय ठेवायचा नाही. पोरं रडकुंडीला येतात आणि आपणही. नंतर तळ्याकाठी तो त्या पोरांपैकी सॉनीला वीस वर्षांपूर्वीच्या एका बाईची गोष्ट सांगतो, हसत हसत, स्वतःचीच थोडी चेष्टा करत. इतके संवाद नकोत म्हणणाऱ्या माणसाचं हे सगळ्यात लांब भाषण, आणि एक शब्द जास्तीचा वाटत नाही. सॅम मरतो तोही पडद्यामागे. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, त्याच सिनेमातल्या जेफ ब्रिजेसला मागे टाकून. मंचावर म्हणाला, यापेक्षा भल्या माणसाला हे मिळालंच नसतं. सभागृह खळाळून हसलं.

पुढे पंचवीसेक वर्षं काम केलं, 'डिलिंजर', 'बाइट द बुलेट', बरंच साधारणही. १९९६ मध्ये ॲरिझोनात आईला भेटायला गेला असताना हृदयविकाराने गेला. आईचं वय तेव्हा ९६. अंत्यविधी ओसेज कौंटीतच, पॉहस्कात.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर 'वॅगन मास्टर'पासून (१९५०). वेन नाही, कुणी स्टार नाही, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा तांडा आणि वाट दाखवायला जॉन्सन व हॅरी केरी ज्युनियर. फोर्डच्या स्वतःच्या आवडत्यांपैकी हा एक. घरात लहान मुलं असतील तर 'मायटी जो यंग' लावा. त्यात हा चक्क हिरो आहे आणि घोड्यावरून प्रचंड गोरिलाला फास टाकायला निघतो. गोरिला ट्रिक-चित्रीकरणाचा उस्ताद रे हॅरीहाउझेनच्या करामतीचा, दोरी मात्र याने खरोखर फिरवलेली.