लायकाने बलिदान दिलं नाही

सकाळपासून डोकं सणकलंय. पोरीच्या शाळेत उद्या विज्ञान प्रदर्शन आहे, तिच्या वाट्याला लायका आली, सोव्हिएत रशियाने अंतराळात पाठवलेली कुत्री. चार्टवर हेल्मेट घातलेली हसरी कुत्री आणि खाली बाईंनी सांगितलेली ओळ, "लायकाने मानवजातीसाठी बलिदान दिले". बलिदान? तिला विचारलं होतं का कोणी?

मॉस्कोच्या रस्त्यावरची सहाएक किलोची कुत्री, आपल्या नागपूरच्या सक्करदऱ्यात पोह्याच्या ठेल्याखाली झोपून राहते ना, तशीच. ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ यानात साखळी लावून बसवली, धड वळताही येत नव्हतं, आणि परत आणायची सोयच केली नव्हती. कित्येक वर्षं सांगत राहिले की काही दिवस जगली, अन् २००२ मध्ये कळलं की काही तासांतच उष्णतेने गेली. उष्णतेने! मे महिन्यात अर्धा तास लाइट गेली तर आपण काय तमाशा करतो ते आठवा.

मला माझा बेडूक आठवला. बीएस्सीचं प्रॅक्टिकल, मेणाचा ट्रे, चारही पाय टाचण्यांनी ठोकलेले. क्लोरोफॉर्म दिलेला होता, पण पोट उघडलं तर हृदय उडूनच राहिलं होतं. लॅबमधले मामा म्हणाले, "मेला आहे बाप्पा तो, कर तू." केलं. जर्नलमध्ये सुबक आकृती काढली, दहापैकी नऊ मार्क.

आता कमेंटमध्ये येईलच की मग औषधं कशी शोधायची. माझ्या आईला रोज इन्सुलिन मीच टोचतो, आणि ते १९२१ ला टोरांटोत कुत्र्यांवर प्रयोग करूनच सापडलं. मान्य. पुढे बोलायला तोंड नाही मला.

पण बेडूक? त्याच्या हृदयाला तीन कप्पे असतात हे पुस्तकात छापलेलंच होतं ना! अख्ख्या बॅचने बेडूक फाडून नवीन काय शोधलं, मी तर पुढे बँकेत चिकटलो. यूजीसीने २०१४ ला हे डिसेक्शन बंद केलं, पण माझ्या बेडकाला त्याचा काय उपयोग.

चिडूनच लिहायला बसलो होतो, पण एक गोष्ट मनातून जात नाहीये. उड्डाणाच्या आधी त्या मोहिमेतले डॉक्टर याझदोव्स्की लायकाला घरी घेऊन गेले होते, मुलांशी खेळायला. म्हणजे त्यांनाही आतून लागत होतंच. त्यांच्यातलेच गाझेन्को १९९८ मध्ये बोलले की तिचा जीव घ्यावा इतकं काही आम्ही त्यातून शिकलो नाही. एवढं तरी बोलले. आम्ही तर तेही कधी बोललो नाही. तास संपल्यावर मामा बादली घेऊन फिरले, सगळ्यांनी आपापला बेडूक त्यात टाकला, आणि मी झाकण लागेपर्यंत वाकून बघत होतो, अजून कोणाचं उडतंय का म्हणून.

पोरीला म्हटलं, बलिदान खोड. ती म्हणते, "बाबा, मारली लिहिलं तर बाई रागावतील." खोडरबर घेऊन बसलीये, आणि मला काही सुचून नाही राहिलं.