सर, उत्तर किती यायला पाहिजे?

एफवाय बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला पोरं लॅबमध्ये शिरली, बॅगा खिडकीत टाकल्या की पहिला प्रश्न हाच असतो. अजून दोरा बांधलेला नाही, गोळा लटकवलेला नाही, आणि उत्तर किती पाहिजे ते आधी सांगा! मला यात पोरांचा राग येत नाही, कारण हा प्रश्न आपणच त्यांना शिकवलाय. जर्नलमध्ये शेवटी चौकट असते, 'प्रमाणित किंमत' आणि 'प्रयोगातून आलेली किंमत', दोन्ही जवळ असल्या की दहापैकी नऊ, लांब असल्या की लाल पेनाने 'रिपीट'. मग कोण शहाणा स्वतःचं खरं रीडिंग लिहील?

मी तालुक्याच्या गावातल्या सिनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि हे बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून आज लांबलचक लिहितोय, ज्यांना कंटाळा आला त्यांनी खुशाल पुढे जावं.

साधा लोलक घ्या, म्हणजे दोऱ्याला टांगलेला गोळा. त्याच्या झोक्याच्या वेळेवरून जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण काढायचं (इथले सगळे आकडे सेमी प्रति सेकंद वर्ग मध्ये). बारावीतसुद्धा झालेला असतो, एफवायला परत असतो. एक मीटर लांबी घेतली तर एका आंदोलनाला (झोका जाऊन परत यायला) साधारण २.०१ सेकंद लागतात, वीस आंदोलनांना चाळीसच्या थोडं वर. स्टॉपवॉच हाताने चालू करायचं, हाताने बंद करायचं, म्हणजे ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच, कितीही हुशार पोरगा असू दे. आता हे ०.२ सेकंद गणितात घाला, जी ची किंमत सुमारे १० ने हलते. म्हणजे ९७० पण बरोबर आणि ९८८ पण बरोबर, त्या उपकरणाची लायकीच तेवढी आहे. आणि आपल्याकडे अख्ख्या बॅचच्या जर्नलमध्ये काय येतं? ९८०, ९८०.२, ९७९.८, ९८०.१. वीस जणांचं उत्तर एकाच जागी. हे रीडिंग घेऊन येऊच शकत नाही, हे उलटं गणित करून येतं. आमच्याकडे त्याला 'रीडिंग बसवणं' म्हणतात आणि त्यात पोरं इतकी तरबेज असतात की तेवढ्या मेहनतीत खरा प्रयोग दोनदा झाला असता.

बरं, गंमत पुढेच आहे. ९८० ही किंमत आपल्याकडची नाहीच! जी जागेप्रमाणे बदलतो, विषुववृत्ताकडे कमी, ध्रुवाकडे जास्त, उंचावर गेलं की अजून थोडा कमी. मुंबईत तो ९७८.६ च्या आसपास, पुण्यात ९७८.४ च्या आसपास. ते ९८०.६६५ म्हणजे १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवून टाकलेला आकडा, साधारण ४५ अक्षांशाच्या हिशोबाचा. म्हणजे एखाद्या पोरीने जीव तोडून नीट मोजलं आणि ९७८ आलं तर ती बिचारी घाबरून ते ९८० करते. खरं उत्तर पुसून युरोपचं उत्तर लिहिते आणि आपण त्यावर टिक मारतो.

लोलकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ज्याच्या नावाचा लोलक पुढे प्रॅक्टिकलला येतो तो हेन्री केटर तरुणपणी इथेच, दक्षिणेत लॅम्बटनच्या जमीन मोजणीच्या सर्वेक्षणात नोकरीला होता. पुढे त्याच सर्वेक्षणाने लोलक घेऊन हिंदुस्थानभर ठिकठिकाणी जी मोजला, का तर तो सगळीकडे सारखा नाही म्हणून. बसेवी नावाचा अधिकारी ते काम करताना १८७१ मध्ये लडाखच्या उंचावर मेला. आणि आपल्या लॅबमध्ये एका जर्नलवरून दुसऱ्यात ९८० उतरतोय.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. दर वर्षी दोनचार पोरं असतात ज्यांचं उत्तर १०८० च्या पुढे येतं. का येतं माहितीये? ती घड्याळ चालू करताना 'एक' म्हणतात. 'शून्य' म्हणायला पाहिजे. मग 'वीस' म्हणून बंद करतात तेव्हा आंदोलनं झालेली असतात एकोणीस. काळ पाच टक्के कमी, वर्ग केला की जी दहा टक्के जास्त. मला विचाराल तर अख्ख्या सेमिस्टरमधली शिकण्यासारखी सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, की बाबा उत्तर दहा टक्के जास्त का आलं, हवेने एवढं येणार नाही, झोका मोठा घेतला म्हणावं तर दहा अंशाच्या झोक्याने अर्धा टक्कासुद्धा पडत नाही आणि तोही उलट्या बाजूला, मग राहिलं काय, लांबी आणि मोजणी. इथपर्यंत पोरगा स्वतःहून आला ना तर त्याला फिजिक्स आलं. पण तो येत नाही, कारण १०८४ दिसल्या दिसल्या तो शेजाऱ्याच्या वहीत बघतो आणि सगळे आकडे खोडून टाकतो. चूक सापडायच्या आधीच पुरावा नष्ट!

आणि मग जर्नलमध्ये 'त्रुटीची कारणे' लिहितो: हवेचा रोध, दोरा ताणला जाणे, पॅरलॅक्स (तिरकं बघून चुकलेलं रीडिंग). सिनियरच्या जर्नलमधून जशीच्या तशी. तीच तीन कारणं लोलकाला, तीच प्रिझमला. प्रिझमला हवेचा रोध! मी खरंच वाचलंय हे.

आता लोक म्हणतील शिक्षक काय करतात. तर शिक्षकांचं पण ऐका. एकेका प्रयोगाचा एकच सेट असतो, फार तर दोन. म्हणून बॅच फिरवावी लागते, या आठवड्यात हा ग्रुप स्पेक्ट्रोमीटरवर (प्रिझममधून वळलेल्या प्रकाशाचा कोन मोजणारं उपकरण), तो फ्लायव्हीलवर (जड फिरतं चाक), पुढच्या आठवड्यात उलट. त्यामुळे थिअरी आणि प्रॅक्टिकलची गाठ पडतच नाही. ज्या पोरांनी प्रकाशाचा धडा बघितलेला नाही त्यांना जुलैत स्पेक्ट्रोमीटर येतो, तो फोकस करायची शूस्टरची पद्धत येते, सोडियमचा दिवा तापायला दहा मिनिटं जातात, दुर्बिणीत स्लिट सापडेपर्यंत अर्धा तास, आणि पोरं व्हर्निअर (कोन वाचायची बारीक पट्टी) वाचायला लागली की मामा (आमचे लॅब अटेंडंट, त्यांना मामाच म्हणतात सगळे) दिवा बंद करायला उभे. चार जणांच्या ग्रुपमध्ये एक बघतो, एक लिहितो, दोघं नुसते उभे. त्यात निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर, सकाळी या कॉलेजात, दुपारी त्या कॉलेजात, त्यांनी कोणाच्या वहीत खोलवर बघायचं? आणि यादीतले सगळे प्रयोग व्हायलाच पाहिजेत, जर्नल सर्टिफाइड झालं नाही तर परीक्षेला बसता येत नाही.

मग परीक्षा. एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात, बहुतेक शेजारच्या कॉलेजचेच, भले लोक असतात, पण एका दिवसात दोन बॅच उरकायच्या. चिठ्ठी उचल, प्रयोग लाव, उत्तर काढ. व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारणार, व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, किती? शून्य पूर्णांक शून्य एक सेंटिमीटर. स्क्रूगेजचा? शून्य पूर्णांक शून्य शून्य एक. झालं, जा. या लीस्ट काउंटचं पुढे काय करायचं, तुझ्या उत्तरातला शेवटचा अंक खरा आहे की नुसता कॅलक्युलेटरने दिलाय म्हणून लिहिलास, हे कोणी विचारत नाही. कॅलक्युलेटर आठ अंक देतो, पोरं आठही लिहितात.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. कार्ल वायमन (२००१ चं नोबेल) आणि नताशा होम्स यांनी अमेरिकेतले सुरुवातीचे फिजिक्सचे कोर्स बघितले, जिथे लॅब घेणं ऐच्छिक होतं. लॅब केलेल्या आणि न केलेल्या मुलांचे लेखी परीक्षेतले मार्क ताडून पाहिले, फरक जवळपास शून्य. तिकडे उपकरणं आपल्यापेक्षा चांगली असूनसुद्धा. म्हणजे 'थिअरी पक्की व्हावी म्हणून प्रॅक्टिकल' हे जे आपण दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो त्यातच दम नाही. लॅबमध्ये मोजायला शिकायचं असतं, आणि मोजणं हा काय थिअरीचा शेपूट नाही.

माझं म्हणणं साधं आहे, उत्तराचे मार्क काढून टाका. पूर्ण शून्य करा. मार्क द्या ते अधिक-उणे किती ते सांगण्याला आणि ते तेवढंच का ते पटवण्याला. ज्याने ९६५ ± १० लिहिलं आणि दहा कुठून आले ते दाखवलं तो, नुसतं ९८० लिहिणाऱ्यापेक्षा वरचा. आणि ९६५ ± १० मध्ये ९७८ बसत नाही हे ज्याच्या लक्षात आलं, ज्याने गोळ्याचा व्यास परत मोजला (लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते ना), तो त्याच्याही वरचा. दुसरं, फेअर जर्नल (नंतर सुबक उतरवून काढलेली वही) बंद करा. लॅबमध्येच पेनाने लिहायचं, खोडायचं नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून खाली परत लिहायचं. घाणेरडी दिसली वही तरी चालेल. तिसरं, प्रयोग निम्मे करा आणि प्रत्येक दोनदा घ्या, पहिल्या आठवड्यात कसाबसा, दुसऱ्या आठवड्यात पहिल्यातल्या चुका पकडून.

पैसे लागत नाहीत याला. दोरा, गोळा, स्टँड, घड्याळ, सगळ्या कॉलेजात पडून आहे. पोरांच्या फोनवर फायफॉक्स टाका, जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं फुकट ॲप आहे, फोनच लटकवून झोका मोजतो. पण आमच्याकडे लॅबच्या दारावर 'मोबाईल सक्त मनाई' अशी पाटी आहे, आणि ती काढायला समितीची मीटिंग लागते, असो.

आता अडचण. हे मी माझ्या बॅचला केलं तर एक्सटर्नलच्या दिवशी मार माझ्याच पोरांना बसणार, कारण समोरचे सर चौकटीत ९८० शोधणार. गेल्या सेमिस्टरला नुसता एक तास प्रयोग करून बघितला, प्रमाणित किंमत सांगितलीच नाही, उत्तर बसवू नका म्हणालो, सगळ्यांची उत्तरं फळ्यावर लिहिली. ९६० पासून हजाराच्या पुढे पसरली. पोरं आधी हसली, मग भांडायला लागली की कोणाचं बरोबर, मग एक जण म्हणाला सर या मोठ्या उत्तरवाल्यांनी लांबी गोळ्याच्या खालपर्यंत धरलीये. तेवढ्यात तास संपला. एका पोरीने जाताना विचारलं, सर मग जर्नलमध्ये काय लिहू? मी म्हणालो तुझं आलेलं लिही. तिने लिहिलं ९७१, मी सही केली.

तेव्हा जे बोर्ड ऑफ स्टडीजवर (विद्यापीठाच्या अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर) आहेत, ओळखीचे आहेत ते हे वाचत असतील, तर एवढंच करा की प्रॅक्टिकल परीक्षेच्या मार्कांच्या वाटणीतून 'अचूक उत्तर' ही ओळ काढा आणि तेवढे मार्क 'अनिश्चितता' या नावाने टाका. बाकीचं जमेल तसं आम्ही लॅबमध्ये बघतो.