डोंगर विझवला कुणी?

सकाळी पेपर उघडला आणि डोकंच फिरलं. परवा आमच्या गावावरच्या डोंगराला वणवा लागला होता. बातमीचा शेवट असा: 'अग्निशमन दलाने अथक प्रयत्नांनंतर आग आटोक्यात आणली.' अहो, गाडी आली तेव्हा आग विझवून पोरं ओढ्यावर तोंड धूत होती! आणि वेळेत आली असती तरी डांबरी सोडून कड्याखालच्या गवतात बंब चढतो का?

दलाच्या जवानांवर राग नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजात स्फोट झाला, आग विझवताना ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात, पाळलाच पाहिजे. पण आमच्या आप्पांची आठवण कुणी ठेवायची?

आप्पा म्हणजे माझे चुलते. मी शाळेत होते. शिमगा नुकताच झालेला. देवळाच्या भोंग्यावरून हाक आली, "डोंगर पेटलाय, मोकळं असंल त्यानं वर या!" निरगुडीच्या ओल्या डहाळ्या तोडत माणसं निघाली, मागून बायका पाण्याच्या कळश्या घेऊन. आप्पा ओरडत होते, "आपटू नका रं, ठिणग्या उडतील! दाबा आन् जळल्याल्या बाजूला वढा." आगीच्या वरच्या बाजूला ते कुणाला उभं राहू देत नसत, चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते. त्या दिवशी वारं फिरलं आणि आप्पांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्याच्या कागदावर दोनच शब्द, 'हात भाजला'. कशानं, कशासाठी, काही नाही.

आता कायदा बघा. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची कामं दिलीत, त्यात अग्निशमन सेवा आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत, त्यात अग्निशमन नाही. म्हणजे खेड्याची आग कुणाचीच नाही? उलट १९२७ च्या वन कायद्यात लिहून ठेवलंय की राखीव जंगलात ज्यांना गुरं चारायचा किंवा लाकूडफाटा आणायचा हक्क आहे, त्यांनी तिथली आग विझवायला धावलंच पाहिजे, नाहीतर शिक्षा. धावायची सक्ती आहे. धावताना हात भाजला तर काय, ते तुम्हीच शोधा त्या कायद्यात!

माझी मामेबहीण जर्मनीत असते. तिच्या गावात पगारी अग्निशमन दल नाहीच, सुतार, मास्तर, दुकानदार हेच दल. देशभर असे १० लाखांच्या आसपास स्वयंसेवक आहेत. त्यांना गणवेश आहे, प्रशिक्षण आहे, जखमी झाले तर विमा आहे. शंभर-दीडशे वर्षांच्या नोंदी, जुन्या पंपांचे फोटो जपून ठेवलेत. आमच्या आप्पांच्या बापानं, आज्यानंही हाच डोंगर विझवला असणार. एक ओळ सापडायची नाही कुठे.

हो, वणवा लावणारेही पुष्कळदा गावातलेच असतात. गवत जाळलं की पुढच्या साली जोमानं येतं, ही समजूत अजून जात नाही. वनखातं जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेले मोकळे पट्टे, काढतं, उन्हाळ्यापुरती माणसं ठेवतं, तेही खरं. पण तेवढी माणसं एवढ्या डोंगराला पुरतात होय?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. परवाचे फोटो परत बघितले. एका फोटोत माझा भाचा आहे, कॉलेजातला पोरगा, पायात साधी स्लीपर. डहाळी जमिनीला दाबून धरलीये, अगदी आप्पा सांगायचे तशी. त्याला ही रीत कुणी शिकवली असेल? आप्पा आता डोंगर चढत नाहीत, पण हाक आली की पारावर येऊन कोण वर गेलं, कोण खाली आलं ते मोजत बसतात. त्या भाजलेल्या हाताची बोटं आजही पुरती मिटत नाहीत.

१ मेच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. वणव्याला जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव वहीत लिहायचं, ग्रामनिधीतून त्यांचा विमा उतरवायचा, चांगले बूट आणि वाऱ्याच्या झोताने पाला उडवून आग अडवणारे दोन ब्लोअर घ्यायचे. वहीतलं पहिलं नाव आप्पांचं. पुण्या-मुंबईतल्या गावकऱ्यांनो, जत्रेला येता तसे या दिवशीही या, आणि ठरावाला हात वर करा.