जड, हलकं आणि पासंग

मुलीच्या वहीत बाईंनी एक ओळ लिहून दिली होती: ‘घरी तराजू तयार करून वस्तूंची तुलना करा.’ पहिलीतल्या पोरीला तराजू ‘तयार’ करायला सांगणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं की तो बाप करणार आहे.

हँगर, त्याच्या दोन टोकांना सारख्या लांबीचे दोरे, दोऱ्यांना श्रीखंडाचे रिकामे डबे. दाराच्या कडीला अडकवला की झाला तराजू. डबे रिकामे असताना दांडी आडवी राहायला हवी. आमची डावीकडे कलली, कारण त्या डब्याचा तळ धाकट्याने नीट चाटलेला नव्हता. मग मी उजव्या बाजूला कपड्यांचा चिमटा लावला आणि दांडी सरळ होईपर्यंत मागेपुढे सरकवत बसलो.

“बाबा, चीटिंग!”

“चीटिंग नाही, पासंग. तोलायच्या आधी दोन्ही पारडी सारखी करायची असतात.”

“मग तो लहान म्हणून त्याला दोन लाडू आणि मला एक, तो पण पासंगच का?”

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. मी घाईघाईने तोलायला घेतलं.

मुलांना मोठं ते जड वाटतं. चुरमुऱ्यांची फुगलेली पुडी एकीकडे आणि देवघरातला अंगठ्याएवढा पितळी बाळकृष्ण दुसरीकडे ठेवला. बाळकृष्ण धाडकन खाली गेला. कन्या खूश, पण आजी कडाडली, “देवाला श्रीखंडाच्या डब्यात बसवतोस?” पाठोपाठ तिने सत्यभामेची गोष्ट सांगितली. कृष्णाच्या तुलेला सगळे दागिने घातले तरी पारडं हलेना, शेवटी रुक्मिणीने तुळशीचं एक पान ठेवलं.

गॅलरीतून ताबडतोब पान आलं. चुरमुरे काढून त्या डब्यात ठेवलं. दांडी ढिम्म.

“भाव लागतो मनात,” आजी म्हणाली.

कन्येने डोळे मिटून पुन्हा ठेवलं. मग तुळशीची अख्खी कुंडी ठेवता येईल का, अशी चौकशी झाली. मी हँगरची बाजू घेतली.

खरा तराजू दाखवावा म्हणून जांभळी नाक्याच्या बाजारात नेलं. तिथे जो तो इलेक्ट्रॉनिक काट्यावर. आकडा दिसतो, पण कोण कोणापेक्षा जड हे डोळ्यांना दिसत नाही. शेवटी लसूणवाल्या एक मावशी सापडल्या, हातात तागडी, शेजारी लोखंडी वजनं. दशमान वजनांचा कायदा १९५६ सालचा, पण आमच्या घरात आजीच्या तोंडी अजून पावशेरच. त्यामुळे मी पावशेर मागणार होतो. तेवढ्यात कन्या म्हणाली, “तीनशे ग्रॅम.”

तीनशेचं वजन नसतं. मी ‘दोनशे अधिक शंभर’ म्हणेपर्यंत शंभराचं वजन शेजारच्या गाडीवर गेल्याचं कळलं. मावशींनी एका पारड्यात अर्धा किलो टाकला, दुसऱ्यात दोनशेचं वजन, आणि त्या दोनशेच्या सोबतीला लसूण भरत गेल्या. काटा मध्यावर आला.

“पाचशेतून दोनशे गेले!” कन्या ओरडली. मी अजून बोटांवर होतो.

पिशवीत लसूण ओतून मावशींनी वर कोथिंबिरीची जुडी खुपसली. कन्येने ती काढून पुन्हा पारड्याकडे नेली.

“राहू दे गं बाय, ती फुकटची आहे. तिला वजन नसतं.”

वहीत ‘सर्वांत हलकी वस्तू’ या रकान्यात ‘कोथिंबीर (फुकट)’ असं लिहिलं गेलं. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आहे.