चुंबकाने बोलणं अडलं, म्हणून भाषा तिथेच असते का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘डोक्याला चुंबक लावलं की बोलणं बंद पडतं, म्हणजे भाषेची जागा सापडली. मराठीचा कप्पा वेगळा, कन्नडचा वेगळा; दोन्ही शिकवल्या की कप्प्यांत भांडण. डिप्रेशनही चुंबकाने जातं, म्हणजे बिघाड तिथेच.’ यावर विश्वास ठेवून कुणी घरातली मराठी कमी करू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बोलणं अडतं, हे खरं. 1985 साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी डोक्यावर कॉइल (चुंबकीय झटके देणारं तारेचं वेटोळं) धरून, कवटी न उघडता मेंदूचा हालचालींचा भाग चेतवला आणि हाताचे स्नायू हलले. पुढे बोलणंही थांबवता आलं. पण 1999 मधल्या एका अभ्यासात बोलणं अडण्याची जागा निघाली चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या भागावर, ब्रोकाच्या भागावर, म्हणजे मेंदूतल्या भाषेशी जोडल्या जाणाऱ्या भागावर, नव्हे. जबडा-जीभ अडली तरी माणूस गप्प होणारच. शब्द तिथे साठवलेले असतात, हे त्यातून कुठे आलं?

शिवाय झटका थेट दोन-तीन सेंटिमीटरच आत जातो, पण तिथल्या पेशी दूरच्या भागांना जोडलेल्या असतात, त्यामुळे परिणाम पुढे पसरतो. चोर्ला घाट बंद पडला की गोव्यात आपली भाजी महागते. म्हणून भाजी घाटात पिकते असं कुणी म्हणत नाही. कॉइल टकटक वाजते, डोक्याचे स्नायूही आखडतात. नुसत्या त्यानेही माणूस चुकू शकतो, म्हणून नकली कॉइल लावून किंवा दुसऱ्या जागी झटके देऊन तुलना करावीच लागते.

मग यातून काहीच सिद्ध होत नाही? होतं, पण दुसरा पुरावा जोडीला लागतो. 1997 साली लहानपणापासून अंध असलेल्या ब्रेल वाचकांच्या डोक्याच्या मागच्या भागावर, जो एरवी दृष्टीचा, झटके दिले तेव्हा ते अक्षरं चुकू लागले. 2000 साली एका जन्मांध बाईंची नोंद छापून आली. पक्षाघाताने त्यांचा दोन्हीकडचा तोच भाग गेला होता. बोटांना ठिपके जाणवत, पण ब्रेल वाचता येईना. असे दोन वेगळे पुरावे एकाच जागेकडे बोट दाखवतात, तेव्हा मी ते मानतो.

डिप्रेशनवर 2008 साली अमेरिकेत या चुंबकीय उपचाराला मान्यता मिळाली, तीही औषधाने गुण न आलेल्यांसाठी. गुण येतो म्हणून मूळ दोष कॉइलखालीच होता, असं ठरत नाही.

राहिले कप्पे. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत त्यांचं जाळं बरंचसं सामाईक असतं. बोलणं अडण्याच्या प्रयोगातून ‘भांडण’ निघतच नाही. मुलांशी घरी मराठीत बोला आणि कन्नडचा गृहपाठही बिनधास्त घ्या.